माझ्या पोटात हरवलेलं टिंब

मी एक जुनी केबल आहे, मित्रांनो. पंधरा मीटर लांब, काळी, आणि आता जिन्याखालच्या खोक्यात वेटोळं करून पडलेली. माझ्यामुळे एका मुलीला बोल लागला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

नवी होते तेव्हा मला शाळेच्या एका वर्गात छतालगतच्या नळीतून ओढून नेलं. एक टोक प्रोजेक्टरला, दुसरं बाईंच्या टेबलावर. बाईंनी लॅपटॉप जोडला आणि भिंतीवर गणितं उमटली. "अगंबाई, काय लख्ख दिसतंय!" त्या म्हणाल्या. मी नळीतल्या नळीत फुलून गेले.

माझ्या पोटात पुष्कळ बारीक तारा आहेत. बहुतेक तारा चित्र पुढे नेतात. एक मात्र उलट दिशेने निरोप आणते. 'मी एवढे ठिपके दाखवू शकतो' हे प्रोजेक्टरचं म्हणणं ती लॅपटॉपला कळवते. निरोप आला नाही, तर लॅपटॉप बिचकतो आणि थोड्याच ठिपक्यांचं चित्र पाठवतो.

बाई प्रेमळ, पण सदा घाईत. घंटा झाली की मला डोक्याशी, म्हणजे टोकाच्या प्लगशी धरून सोडवायच्या ऐवजी मानेला धरून हिसडा द्यायच्या. असे किती हिसडे सोसले! एके दिवशी ती निरोपाची तार आतल्या आत तुटली. वरून काहीच कळेना. चित्र मात्र भरड झालं. बाईंनी प्रोजेक्टरचं भिंग फिरवून पाहिलं आणि "चालेल एवढं" म्हणून सोडून दिलं. गणितं त्यांनीच लिहिलेली. त्यांना ती डोळे मिटूनही दिसायची.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. अक्षर अगदी बारीक, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. त्या बाकावरून आता दशांशाचं टिंब दिसेना. शेजारची मुलं पुढच्याच्या वहीत डोकावून घेत. मुंगी जे दिसेल तेच लिहायची.

"ए मुंगी, अडीच मीटरचं झाड तू पंचवीसचं केलंस? खत कुठलं घातलंस गं?" पुढच्या बाकावरून एक मुलगा ओरडला आणि वर्ग खो खो हसला.

बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. "हिचं लक्षच नसतं हो. भिंतीवर दाखवलेल्या चाचणीत तिसऱ्यांदा नापास झाली. पुढच्या वर्गात घालायचं की नाही, विचार करावा लागेल."

"पण बाई, पुस्तकातलं एकही गणित चुकत नाही तिचं. डोळेही तपासून आणले. चांगले आहेत."

मुंगी खाली बघत म्हणाली, "टिंब नव्हतंच तिथे."

"चुकायचं ते चुकायचं, वर उलट उत्तर?"

मी वरून सगळं ऐकत होते. मला तोंड असतं तर!

महिन्याभराने चित्र मधूनच काळं व्हायला लागलं, तेव्हा कुठे दुरुस्तीवाल्या ताई आल्या. त्यांनी प्रोजेक्टर खाली टेबलावर घेतला आणि स्वतःजवळची हातभर केबल जोडली. चित्र लख्ख!

"यंत्रं दोन्ही ठणठणीत आहेत. दुखणं वरच्या केबलचं. एवढ्या लांबीत आधीच दम लागतो, त्यात हिची मान पिरगाळलेली. किती दिवस असं दिसतंय?"

बाईंनी सगळं पुन्हा होतं तसं जोडायला लावलं आणि जाऊन मुंगीच्या बाकावर बसल्या. तिथून त्यांनाही टिंब दिसेना.

नवी केबल आली. मुंगीची चाचणी पुन्हा घेतली, सगळी उत्तरं बरोबर आली. ती पुढच्या वर्गात जाणार हे ठरलं. बाईंनी भर वर्गात तिची माफीही मागितली.

मित्रांनो, केबल काढताना डोक्याशी धरून अलगद काढा. आणि एखाद्याला दिसत नसेल, तर त्याच्या जागेवर जाऊन एकदा बघा. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे. मुंगीसाठी झाला की नाही, मला ठाऊक नाही.

माझं जिन्याखालचं खोकं त्याच वर्गाच्या भिंतीला टेकलेलं आहे, आणि मुंगीचं हे वर्ष संपायला अजून अवकाश आहे. रोज गणिताच्या तासाला तिचा बारीक आवाज येतो, "बाई, तिथे टिंब आहे ना हो? मला दिसतंय, पण खरंच आहे ना?"

मग बाईंची पावलं ऐकू येतात. टेबलापासून शेवटच्या बाकापर्यंत. आता त्यांना घाई नसते.