दगडफुलाची वाटणी

धुळ्यातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या शालिग्राम मास्तरांना १९३७ साली स्वतःविषयीच एक मोठा शोध लागला. मसाल्यात पडणारं दगडफूल हा एक जीव नसून दोन आहेत, हे त्यांनी पुस्तकात वाचलं. आत हिरवं शेवाळ, बाहेर बुरशीचं वेष्टन. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि बुरशी आयतं खाते. वाचता वाचता मास्तरांना गहिवरून आलं. शेवाळ म्हणजे पगार आणणारे आपण, आणि बुरशी म्हणजे थोरले बंधू जीवरामभाऊ. ते बिचारे नुसतं शेत कसायचे, घरावरचं मातीचं धाबं लिंपायचे, घरातली आजारपणं काढायचे. बाकी काही म्हणजे काही करत नसत.

"आखाजी झाली की आपण वेगळे," अक्षय्य तृतीयेच्या सणाचा मुहूर्त धरून त्यांनी बायकोला, कुंदाबाईंना बजावलं.

कुंदाबाईंना घर मोडायचं नव्हतं. "शास्त्र सांगतस ना? मंग शास्त्रलेच इचारा," त्या म्हणाल्या. "बुरशीबिगर तुम्हनं शेवाळ जित्तं राह्यनं ते येगळी चूल मांडसूत. नई ते परत नाव काढानं नई."

मास्तरांनी पिंपळनेरकडचं ताजं दगडफूल कुटलं, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं शेवाळ वेचलं आणि दोन महिने खपून बशीत वाढवलं. "संपली तुझी गुलामगिरी," असं बशीला सांगूनही झालं. मग आखाजीआधी वीस दिवस एका बशीत हे मुक्त शेवाळ आणि दुसरीत अख्खं दगडफूल, दोन्ही पाणी तोडून धाब्यावर ठेवली. धुळ्याचं ऊन ते, त्यानं कोणाचीही पदवी विचारली नाही.

आखाजीच्या सकाळी मास्तरांनी दोन्ही बशांत पाणी शिंपडलं. कुरकुरीत वाळलेलं दगडफूल घटकाभरात मऊ पडून हिरवं दिसू लागलं. बुरशीच्या आडोशाला त्यातल्या शेवाळानं ऊनही काढलं होतं आणि दुष्काळही. मुक्त शेवाळ मात्र पांढरंफटक होऊन बशीला चिकटलं होतं, ते तसंच राहिलं. मास्तरांनी उन्हाला दोष दिला, बशीला दिला, शेवटी कुंदाबाईंनी आणलेल्या पाण्यालाही दिला.

आवाज ऐकून जीवरामभाऊ वर आले. रागाच्या भरात मास्तरांनीच त्यांना सगळं सांगून टाकलं. बुरशी कोण, तेही. भाऊ चिडले नाहीत. वाकून दोन्ही बशा बघत राहिले.

"बुरशी एकली जगी का रे?"

"छे! तिला अन्न कोण देणार?" मास्तर ऐटीत म्हणाले.

"मंग तिनी येगळी बशी काबर मांडी नई तू?"

भावाचे भरलेले डोळे मास्तरांना आता दिसले. त्यांना भयंकर लाज वाटली. भावावाचून आपलं कसं होईल, हे पाहायला ते दोन महिने खपले होते. आपल्यावाचून भावाचं कसं होईल, हे पाहावं असं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.