सकवारबाईंची सूचना

आत्महत्या थांबवण्यासाठी सगळ्या देशाची एक योजना करायची आणि तिच्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायचं, असं दिल्लीत कोणाच्या तरी मनात आलं आणि अठ्ठ्याण्णव साली एक समिती बेंगळुरूला आली. सभागृहात चहा होता, बिस्किटं होती, व्यासपीठाच्या कडेला एक पोलीस अधिकारीही होता. पुढच्या रांगेत प्रत्येक समाजाचे प्रतिष्ठित. बळेपेटेतल्या मराठ्यांचे प्रतिष्ठित म्हणजे आप्पाजी वकील. खुर्ची मांडली की आप्पाजी हजर.

सकवारबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. धाकट्या लेकीला, चंदनाला घेऊन त्या आपणहून आल्या होत्या. आदल्या वर्षी त्यांच्या थोरल्या कस्तुरीने जीव द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचा श्वास चालू होता. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. पण असा प्रयत्न म्हणजे गुन्हा. पोलीस येतील, पोरगी वाचली तरी खटला होईल, या धास्तीने सकवारबाई आधी चुलत दिरांकडे, आप्पाजींकडे धावल्या. आप्पाजींची पूजा चालली होती. ती यथासांग आटोपून ते म्हणाले, "इथं नको. आनेकलला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, तो काही लिहिणार नाही."

कस्तुरी तासाभराच्या त्या वाटेवर, आनेकलच्या अलीकडेच गेली. डॉक्टर शब्दाला जागला. हृदयविकार, एवढंच लिहिलं आणि खाली सकवारबाईंची सही घेतली.

म्हणून सकवारबाईंची सूचना साधी होती: अशा माणसाला दवाखान्यात आधी डॉक्टर भेटू द्या, पोलीस नको. पोलिसांच्या भीतीनं माझी मुलगी गेली, दुसऱ्या कोणाची जाऊ नये. वर्षभर त्या एवढ्यासाठी जगत होत्या.

चहाच्या वेळी आप्पाजींनी चंदनाला बाजूला घेतलं. "तुझी अम्मा काय बोलणार, ठाऊक आहे मला. त्या कागदावर सही तिची आहे. खरं बाहेर आलं तर आधी तिलाच नेतील. तो बघ पोलीस, समोरच बसलाय."

सकवारबाईंनी कन्नडमध्ये सुरुवात केली. कस्तुरीचं नाव आलं आणि रडू फुटलं. रडताना त्यांना कन्नड सुचत नसे, त्या घरच्या मराठीवर आल्या. कन्नडच्या दुभाष्याला मराठी येईना; दिल्लीच्या अध्यक्षीणबाई गोंधळून इकडेतिकडे बघू लागल्या. आप्पाजी उठले. "आमच्याच घरच्या आहेत. मी सांगतो."

आणि त्यांनी झकास इंग्रजीत सांगितलं. त्यांची मुलगी हृदयविकाराने गेली. डॉक्टर, पोलीस, सगळ्यांनी मदत केली. पण त्या म्हणतात, माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ज्या मुली जीव देतात त्यांच्या आयांचंही नसतं. दोष आयांचाच आहे.

बी.ए.ला असलेल्या चंदनाला शब्दन् शब्द कळला. ती उठणार होती, पण तिची नजर पोलीस अधिकाऱ्याकडे गेली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीणबाईंनी खाली येऊन सकवारबाईंचे दोन्ही हात धरले.

"आप्पाजींनी सगळं सांगितलं का गं?" सकवारबाईंनी विचारलं.

"सांगितलं, अम्मा."

सकवारबाई आप्पाजींच्या पाया पडल्या. वर्षभर त्यांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्याचीही त्यांनी क्षमा मागितली. "असू दे, असू दे," आप्पाजी म्हणाले, आणि बिस्किटाचे कण झटकून त्यांनी आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरात चार ओळी आल्या. 'दोष आयांचाच: मुलगी गमावलेल्या आईची कबुली.' सकवारबाईंनी त्या कापून, काचेत बसवून कस्तुरीच्या फोटोखाली लावल्या. घरी येईल त्याला त्या ते दाखवत. इंग्रजी येणारे वाचत आणि मान खाली घालत. लोकांना फार लागतं, असं त्या चंदनाला कौतुकाने सांगत.

दर शुक्रवारी फोटोला हार घातला की त्या म्हणत, "वाच बघू स्वल्प, मी काय बोलले ते."

चंदना काचेसमोर उभी राहून वाचे. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. श्वास चालू होता. आधी डॉक्टर भेटू द्या, पोलीस नको.

"चारच तर ओळी आहेत," एकदा सकवारबाई म्हणाल्या. "तू केवढं वाचतेस."

"इंग्रजीत थोडक्यात असतं, अम्मा."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, आणि पदराने काच पुसू लागल्या.