सहाणेवर चोच

दिल्लीत दरबार भरला त्या सालची ही गोष्ट. काशीत संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत यज्ञेश्वरशास्त्र्यांचं बिऱ्हाड होतं, आणि त्यांच्या बायकोला, कालिंदीबाईंना, ‘काले’ म्हणून हाक मारणारं जगात एकच कोणी उरलं होतं. घरचा राघू. आईवडील केव्हाच गेलेले, सासूबाईही गेलेल्या. शास्त्रीबुवा ‘अगं’ म्हणत, शिष्य ‘माताजी’, शेजारची शरदिनी ‘काकू’. वाईहून लुगड्यात पाय अडखळत आलेली काली नावाची पोर आता फक्त त्या पोपटाला ठाऊक होती.

आणि तो पोपट गप्प झाला होता.

चोच वाढली होती त्याची. वरची चोच विळ्यासारखी वळत वळत गळ्याच्या पिसांत रुतायला आली होती. दूधभाताची शितं तिच्यावरून घसरून पडत. तो मान तिरपी करून पुन्हा बघे, पुन्हा चुके, मग डोळे मिटून बसून राही. छातीचं हाड बोटाला लागू लागलं होतं.

“काकू, सुग्गा सुबहपासून एकदम चुप आहे हो,” शरदिनी जिन्यातूनच म्हणाली. ती काशीतच जन्मलेली, तिच्या मराठीत गंगेचं पाणी जास्त. “छावणीत साहेबाचा डाक्टर आहे म्हणे.”

“तो घोड्यांचा गं. राघूला काय नाल ठोकणार?”

“मग घाटावरचा नाऊ, न्हावी हो, तो बोलवा. नराणीनं कच् करून उडवेल.”

त्या ‘कच्’ला कालिंदीबाईंनी जोरात मान हलवली. उजेडात धरली की लाल चोचीच्या आत मुळाकडून आलेली गडद रेघ दिसे. आत रक्त होतं. कापावी तर रक्त वाहून जायचा, न कापावी तर उपाशी मरायचा. आणि तो गेला की काली गेली.

सासूबाई सोवळ्याच्या कडक. सुनेशी गोड बोललं तर ती डोक्यावर बसते, अशी त्यांची पक्की समजूत. मायेचं जे काय असेल ते त्या पहाटे जात्यालाच सांगत:

दूर नद्यांच्या पल्याड बाई माहेराची वाट
राघू पुसतो लेकीला, कुणी वाढलं का ताट

दुपारी पंगती उठल्या, भांडी घासून झाली, की ओसरीवरून राघू ओरडे, “काले, जेवलीस?” पोरीला वाटे, सासरी निदान पाखराला तरी आपली कणव आहे. एकदा ती घागर घेऊन आली, तो सासूबाई पिंजऱ्यापुढे हिरवी मिरची धरून उभ्या, आणि दबक्या आवाजात म्हणताहेत, “म्हण, काले, जेवलीस? अरे म्हण की मेल्या!” काली पाय न वाजवता मागं फिरली. पुढं सासू होती तोवर दोघींपैकी एकीनंही ती गोष्ट काढली नाही.

म्हणून सासूबाई गेल्यावर कालिंदीबाईंनी राघूला ओसरीवरून उचलून देवघराच्या दाराशी मानानं आणला. तिथं लाकूड कसं चालणार? पितळ चिंचेनं घासलं की शुद्ध, लाकडाला लागलेलं उष्टं धुऊन जात नाही. तेव्हा पिंजरा पितळी, आत बसायची दांडीही पितळी. खायला नैवेद्याची खीर, दूधभात, भिजवून मऊ केलेली डाळ. म्हाताऱ्या जिवाला चावायचे कष्ट नकोत.

त्या सकाळी त्यांनी बोटानं खीर चाटवायला पिंजऱ्याचं दार उघडलं. राघू खिरीकडे वळलाच नाही. फरशीवर उतरला, लटपटत निघाला, आणि शास्त्रीबुवांनी होमासाठी मांडलेल्या पळसाच्या समिधांपाशी जाऊन थांबला. एक काडी त्यानं पायाखाली दाबली आणि चोचीची कड तिच्यावर घासू लागला.

“अगं, अगं! समिधा बाटवल्या त्यानं!” शास्त्रीबुवा सोवळ्यात उभे, हात वर धरून. “हाकल त्याला!”

“थांबा हो जरा. बघा तरी काय करतोय.”

काडी निसटे, तो पुन्हा पकडे, पुन्हा घासे. कालिंदीबाई खाली बसल्या. त्यांना ओसरीवरची पेरूची दांडी आठवली, कुरतडून कुरतडून मधेच बारीक झालेली. सासूबाई किती करवादायच्या: “मेल्यानं हीही खाल्ली! आणा आता नवी.” आणि कडक फुटाणे कसे ताडताड फोडायचा!

“त्याला झिजवायला लाकूड हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मी पितळ दिलं. मऊ मऊ घालून मीच त्याचं तोंड बंद केलं हो.” पुढचं बोलणं पदरात गेलं.

शास्त्रीबुवा देवघरात गेले आणि चंदनाची तळहाताएवढी सहाण घेऊन आले.

“अहो, देवाची ती!”

“देवाला दुसरी आणू. चंदन उगाळताना तुझा हात किती हलका असतो, तोच लाव. मी धरतो याला.”

“आणि तुमचं सोवळं?”

“गंगा कुठं पळून चालली आहे? पुन्हा बुडी मारीन.” त्यांनी राघूला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं.

“चावेल हं.”

“या चोचीनं? फार तर नमस्कार करील.”

सहाण ओली करून कालिंदीबाईंनी ती टोकावर फिरवली. गंधासारखा पांढुरका लगदा निघाला. ती गडद रेघ जवळ आली की त्या थांबत. उरलेलं दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात भाताची पातळ पेज बोटानं त्याच्या घशाशी सोडत. असं होता होता एका दुपारी राघूनं आपण होऊन डाळ उचलली.

देवदिवाळीच्या सुमारास आवाजही आला, आधी घोगरा, तुटका, मग खणखणीत, “काले, जेवलीस?” तोवर तो ओसरीवर परत गेला होता. आता शास्त्रीबुवा स्नानाहून येताना कुठून तरी पेरूची डहाळी मोडून आणत. “घ्या महाराज, करा पारायण,” म्हणत पिंजऱ्यात सरकवत आणि स्वतः पाय धुवायला जात.

“केवढा कचरा करतो हो हा, काकू!” शरदिनीनं कुंचा उचलला.

“राहू दे गं,” कालिंदीबाई म्हणाल्या, आणि तांदळाचं सूप घेऊन त्या सालींच्या पसाऱ्यातच निवडायला बसल्या.