काचेला लुगडी

माझ्या पोराची, रविराजची, बदली दिल्लीला झाली. वडगावातल्या घरातलं सामान मीच बांधलं. विणकराच्या घरात काचेला रद्दी कागूद कोण लावतंय? सुनेच्या कपबश्या, बरण्या, मोठा आरसा, सगळं मी माझ्या लुगड्यांत गुंडाळलं. मालकांनी, रविराजच्या बानं, मागावर माझ्यासाठनं विणलेली लुगडी ती. म्हटलं, तिकडं गेल्यावर सोडीन आन् नेशीन.

ट्रकाचा फाळका लागला. मी गाडीत बसाय निघाले, तर रविराज म्हणाला, "तू न्हाय, आई. तुला कंग्राळीला आक्काकडं सोडतोय."

"हे कवा ठरलं?"

"लई दिस झालं. सामान बांधून झाल्यावर सांगणार हुतो."

आक्का म्हंजे माझी थोरली लेक. तिला तरी ठाऊक हुतं का, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "मग माझी लुगडी काढून द्या."

सून मंजुश्री गाडीतनंच बोलली, "आता परत सगळं सोडत बसायचं व्हय, आत्ती? ऱ्हाऊ द्या. तिकडं फरशी पुसाय हुतील."

मी उंबऱ्यावर बसले. रविराज घरात जाऊन आला आन् माझ्याम्होरं उभा ऱ्हायला. वाटलं, पोटचं पोर हाय, पाझर फुटला.

"आई, ही एक बरणी ऱ्हायली. एखादं फडकं हाय का?"

माझं डोस्कं फिरलं. अंगावरच्या लुगड्याचा पदर दातानं टरकावला आन् त्याच्या तोंडावर फेकला.

त्यानं तो झेलला, बरणीला नीट गुंडाळला आन् म्हणाला, "जरा गाठ मार की. तुझी गाठ सुटत न्हाय."