नवं पाणी

झेकेरिया मिस्त्रीने कॉम्बीतून, म्हणजे नळाचं आणि खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बंबातून, सोडवलेला पत्र्यांचा ठोकळा ओट्यावर उपडा आपटला. पांढरा चुरा पडला, मागोमाग गढूळ पाणी. हे सगळं नेर्मिननेच आत कोंबलंय अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, पानगळीत मी हा लख्ख करून बसवला होता. आठवतंय ना?"

आठवत होतं, म्हणून तर तिचं डोकं चालेनासं झालं होतं. नळाचं पाणी घटकाभर गरम यायचं, की लगेच गारढोण. कॉम्बी चहाच्या किटलीसारखी खदखदायची आणि बंद पडायची.

"कायसेरीचं पाणीच जड. क्षार साचणारच की."

"नळाच्या बाजूला साचला असता, तर मी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं. हा साचलाय रेडिएटरच्या बाजूला. तिथं तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, क्षार येणार कुठून? नवं पाणी आत जातंय." त्याने कॉम्बीखालचा भरायचा नळ दाखवला. "हा कोण उघडतं?"

"मी तर हातसुद्धा लावत नाही. आणि रिफात महिनाभर ट्रकवर आहे," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

"मग पाइप गळतोय म्हणावं, तर दाबाचा काटा खाली यायला हवा. तो तर जागेवर! माझी मती गुंग झाली." मिस्त्रीने टोपी काढून डोकं खाजवलं. "फरशी फोडून बघू. बेकिरकाकांच्या खोलीपासून. छिन्नी घेऊन येतो."

तो जिना उतरला. नेर्मिनने ओट्यावरचा चुरा पुसायला घेतला. फरशी फोडायची म्हणजे सासऱ्यांना कोन्या शहरात धाकट्या दिराकडे पाठवणं आलं. मागच्या हिवाळ्यात तिथून परतले, तेव्हा ते निम्मे झाले होते. 'मला पुन्हा तिकडे धाडू नकोस' म्हणाले होते, आणि तिने शब्द दिला होता.

पलंग सरकवायला ती त्यांच्या खोलीत गेली. बेकिरबाबा पलंगासमोर उभे होते. हलेनात.

"बाबा, जरा बाजूला होता का?"

"पलंग राहू दे."

"मिस्त्री येतोय, बाबा."

ते खाली बसले, जवळजवळ कोसळलेच. तिने वाकून पाहिलं. पलंगाखाली घमेलं होतं. त्यात पिळून ठेवलेला पायजमा, चादर, आणि रेडिएटरची हवा सोडायची छोटी किल्ली. तिने चादरीला हात लावला. अजून ओलीच होती.

बाबा भिंतीकडे बघत होते.

"रात्री हे धुवायला गरम नळ सोडला की कॉम्बी तुझ्या उशामागच्या भिंतीपलीकडे भडकते," ते हळूच म्हणाले. "तू कामावरून दमून आलेली असतेस. रेडिएटरमधलं गरम पाणी आवाज न करता येतं. काटा खाली आला की मी पुन्हा भरून ठेवतो."

दारात पावलं वाजली. नेर्मिनने घमेलं पलंगाखाली आणखी आत ढकललं.

"मिस्त्री, फरशी राहू द्या. मीच रोज रेडिएटरची हवा काढत होते. पाणीही जायचं थोडं. मग भरत होते."

"आणि मघाशी म्हणालात, हातसुद्धा लावत नाही!"

"लाज वाटली सांगायला."

"धन्य आहात, वहिनी! हवा काढायची ती हिवाळा लागताना एकदा. रोज काय, रेडिएटरला उचकी लागलीय?" तो हसत, बडबडत ठोकळा धुवायला निघून गेला.

नेर्मिन सासऱ्यांशेजारी टेकली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते तिचं तिलाच कळेना.

"उद्यापासून गरम नळ सोडायचा, बाबा."

"आवाज होतो ना पण."

"होऊ द्या. मला जाग येईल, आणि मी कूस बदलून झोपेन."