खालची नोंद काढून टाकावी

चिठ्ठी माझ्याच हातची होती. काळं मार्कर, ठसठशीत अक्षर. ‘एकाच पत्त्याच्या दोन नोंदी दिसल्या तर खालची काढून टाकावी.’ अशा सहा चिठ्ठ्या लिहिल्या आणि कंट्रोल रूममधल्या सहाही मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टीने लावल्या.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. सहा ऑपरेटर कानाला फोन लावून बसतात. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं की पत्ता टाइप करतात आणि ॲम्ब्युलन्स सुटते. माझं काम एवढंच, की मशिनं चालू राहावीत. चालतात तोवर मी कुणाला आठवत नाही, अडली की सगळ्यांच्या तोंडी माझाच उद्धार.

रविवारी नवं अपडेट आलं आणि सोमवारी सकाळपासून सगळी मशिनं रांगायला लागली. नोंद टाकायला किंवा उघडायला पूर्वी डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ लागायचा. आता पन्नास सेकंद, घड्याळ लावून मोजलेले. एंटर दाबलं की पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. तिकडे फोनवर माणूस रडतोय, मग ऑपरेटर घाईने पुन्हा एंटर दाबायची. त्यामुळे एकच नोंद यादीत दोनदा पडायची आणि एकाच दारात दोन गाड्या जाऊन उभ्या राहायच्या. दुपारपर्यंत चारदा असं झालं.

मी काय केलं? सगळे करतात तेच. बंद करून चालू केलं. साठलेला कचरा साफ केला. नको ते प्रोग्राम काढून टाकले. अपडेट मागे घ्यायला गेलो, तर त्याला वरच्या ऑफिसची परवानगी हवी होती आणि वरच्या ऑफिसात कुणी फोन उचलत नव्हतं. मग हात वर केले आणि जाहीर करून टाकलं, की मशिनं म्हातारी झालीत, नवी हवीत.

हे मला तीन वर्षं म्हणायचं होतं. तीन वर्षं मी अर्ज देत होतो आणि साहेब ते फायलीला लावत होते. आता सांगायलाच बसलोय तर खरं सांगतो. ते चक्र फिरताना बघून मला आतून बरं वाटत होतं. बघा म्हणावं आता! चार दिवस होऊ देत हाल, आपोआप डोळे उघडतील. म्हणून पुढचं जे तपासायला हवं होतं ते मी तपासलंच नाही. तपासण्याऐवजी चिठ्ठ्या लिहिल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

यादीवर नजर ठेवायचं काम ताईंचं. ताई सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी चष्मा वर सरकवून चिठ्ठी दोनदा वाचली.

“अरे, पण खालची खरी असली तर?”

“ताई, पत्ता तोच, वेळ तीच. खरी कशी असेल?”

“यादीत नुसती इमारत दिसते. मजला बघायचा तर नोंद उघडावी लागते बाबा.”

“उघडत बसा मग. पन्नास सेकंद गेले. तोवर फोन कोण घेणार?” आणि वर मी हसत म्हणालो, “एकाच इमारतीत एका वेळी दोन माणसं पडतात का कधी? ठरवून पडतात की काय लोक?”

बाकीच्या पाचजणी हसल्या. ताई हसल्या नाहीत, पण चिठ्ठी त्यांनी काढलीही नाही. मशीनमधलं मला कळतं, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना चक्कर आली. सुनेने फोन केला, नोंद झाली. तीन मिनिटांनी त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एका बापाचा फोन आला. मुलगी सहा वर्षांची, दम्याचा झटका, पंपाने उतरत नाही. तीही नोंद झाली. यादीत तोच पत्ता, एकाखाली एक.

मी ताईंच्या मागेच उभा होतो, हातात चहाचा कप. त्यांनी खालची ओळ काढली. मी पाहिलं. आणि मला काय वाटलं असेल? आपलं सांगितलेलं ऐकतात, म्हणून समाधान वाटलं.

चौदा मिनिटांनी त्या बापाचा पुन्हा फोन आला. गाडी कुठवर आली, म्हणून. तेव्हा ताई खुर्चीतून उभ्या राहिल्या. गाडी सोडली, ती जमेल तेवढ्या वेगाने गेलीसुद्धा, पण उशीर झाला होता. मुलगी गेली. आजोबांना हॉस्पिटलमध्ये साखरपाणी दिलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

त्या दुपारी मी जे सोमवारी तपासायचं ते तपासलं. अपडेटने अँटीव्हायरसची एक यादी पुसून टाकली होती. कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, याची यादी. त्यामुळे कुठलीही नोंद टाकली किंवा उघडली, की तो आमच्या नोंदींचं अख्खं फोल्डर नखशिखान्त तपासत बसायचा. मी एक ओळ परत टाकली. पाच मिनिटं लागली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण या वळशात एक पोर गेलं. तीच म्हातारी मशिनं आता पळत होती.

मग मी फडकं घेतलं आणि मॉनिटर पुसायच्या निमित्ताने खोलीभर फिरून चिठ्ठ्या काढल्या. पाच फाडल्या. ताईंची मात्र फाडवेना. तिची घडी करून पाकिटात ठेवली.

शुक्रवारी चौकशी झाली. साहेब आणि वरच्या ऑफिसातले दोघे. आत फक्त ताईंना आणि मला बोलावलं.

“नोंद का काढलीत?”

“तशी चिठ्ठी होती,” ताई म्हणाल्या.

“कुठंय?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. “लेखी सूचना दिली होतीस का रे तू?”

“लेखी काही नव्हतं,” मी म्हणालो. “बोलता बोलता काही निघालं असेल, तर आता आठवत नाही.”

वाटलं, ताई भडकतील, चारचौघांत माझी सालटी काढतील. काढायलाच हवी होती. त्या फक्त बघत राहिल्या. मशीन अडलं की त्या अशाच बघायच्या, आता चालू होईल, मग होईल म्हणून वाट बघत. साहेबांनी ताईंना निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. निकाल मंगळवारी. जाताना ताईंनी खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि मला म्हणाल्या, “मशिनं नीट चालतायत ना आता?” मी मान हलवली.

सोमवारी दुपारी तो बाप आला.

मी टेबलाखाली वायर बसवत होतो. आधी बूट दिसले, दोन्हीच्या नाड्या सुटलेल्या. बाहेर आलो तर माझ्याच वयाचा माणूस. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. कुणाकडे जायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो जो समोर दिसला त्याला, म्हणजे मला, विचारत होता.

“भांडायला नाही आलो,” तो म्हणाला. “मला एवढंच बघायचंय, मी फोनवर मजला सांगितला होता का.”

“म्हणजे?”

“बायको म्हणते, तू घाबरलास, मजला सांगायचा राहिला असणार. म्हणून ती माणसं वर गेली. मी खाली लिफ्टचं दार धरून उभा होतो त्यांच्यासाठी. त्यांना म्हटलं, दुसरा मजला. ते म्हणाले, आम्हाला तिसरा सांगितलाय, तुमची दुसरी गाडी येत असेल, दार सोडा. मी सोडलं.” त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “मला आठवतच नाही हो, सांगितला होता की नाही.”

काढलेल्या नोंदी कुठे जातात ते मला ठाऊक होतं. ताईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि बुधवार काढला. पातं लवायच्या आत नोंद उघडली. त्याला पडदा दिसावा म्हणून मी खुर्ची बाजूला सरकवली.

‘दुसरा मजला, डावीकडचं दार. मुलगी, वय सहा. श्वास लागलाय. वडील लिफ्टपाशी थांबतील.’

त्याने वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. “सगळं सांगितलं होतं मी,” तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, “मग?”

मी पाकीट काढलं, चिठ्ठी काढली, त्याच्या हातात दिली. चिकटपट्टीला मॉनिटरवरची धूळ अजून होती.

“कुणी लिहिलं हे?”

“मी.”

तो मला मारेल असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. त्याने चिठ्ठीची घडी पुन्हा होती तशीच घातली.

“मी नेऊ ही? बायकोला दाखवायचीय. पाच दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही ती.”

“न्या.”

तो गेला. जाताना दार हळूच लावून घेतलं. पुरावा म्हणावं असं माझ्याकडे होतं ते तेवढंच, आणि ते तो खिशात घालून घेऊन गेला. आता उरलं होतं फक्त माझं तोंड. चौकशीत ते एकदाच उघडलं होतं, आणि तेही खोटं बोलायला.

जिना चढून साहेबांच्या खोलीपाशी गेलो. ते ताईंच्याच फायलीवर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “काय रे, परत हळू झालं का काही?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “ते लिहिताय ते थांबवा. चिठ्ठी होती. माझ्या हातची.”