एकोणसाठावा रकाना

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तांत्रिक सेवा विभाग तळमजल्यावर होता. नवं पुस्तक आलं की शिक्का, वर्गांक, संगणकातली नोंद, पाठीवरची चिठ्ठी, सगळं तिथेच व्हायचं. विभागाची प्रमुख ती. आणि तिच्याआधी त्याच खुर्चीवर सत्तावीस वर्षं तिची थोरली नणंद बसली होती. घरात त्या ताई, ऑफिसात सगळ्यांच्या मोठ्या बाई. लग्नानंतर हिला नोंदी करायला त्यांनीच शिकवलं होतं आणि चुकलेल्या स्वल्पविरामावरून भर जेवणात सुनावलंही होतं.

ग्रंथपालांनी विभागाची पाच वर्षांची योजना करायला घेतली. त्यासाठी एक सल्लागार आले. तीन दिवस सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर ‘उद्दिष्टं’ लिहून भिंतीला चिकटवली. पंखा लावला की चिठ्ठ्या उडायच्या, म्हणून तीन दिवस पंखाही बंद. घामाघूम होऊन शेवटी ठरलं की जुनी संगणकप्रणाली जाणार, नवी येणार. जुनीत प्रत्येक पुस्तकाला त्रेसष्ट रकाने होते, नवीत चाळीस. जे गळणार होते त्यांत एकोणसाठावा होता, ‘स्थानिक टीप’.

तो ताईंचा रकाना. पुस्तक हातात घेऊन, पानन् पान चाळून त्यांनी त्यात लिहिलं होतं. ‘या प्रतीत नकाशा नाही, दुसरीत आहे.’ ‘समासातलं पेन्सिलचं लेखन खुद्द अनुवादकाचं.’ ‘लेखकाचं नाव खोटं; खरं नाव मुलीने येऊन सांगितलं.’ अशा अकरा हजार टिपा.

ती सल्लागारांना भेटली.

“हा रकाना सोडून चालणार नाही,” ती म्हणाली.

“सोडत नाही आहोत, मॅडम. दुसऱ्या टप्प्यात घेतोय.”

“दुसरा टप्पा कधी?”

“तिसऱ्या वर्षी.”

“पण जुनं यंत्र याच महिन्याच्या तीस तारखेला बंद होतंय ना?”

“हो, बरोबर,” सल्लागार इतक्या शांतपणे म्हणाले की आपलाच प्रश्न चुकला की काय, असं तिला वाटलं.

मग ती ग्रंथपालांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मला पटतंय हो तुमचं. पण वरून मंजुरी आलीय. विभागप्रमुख म्हणून तुमची सही तेवढी राहिलीय.” त्यांनी पेन पुढे केलं. बाहेर शिपाई फाइल न्यायला उभा होता. तिने सही केली.

संगणक विभागाने टिपा एका फाइलमध्ये काढून दिल्या, पण नुसत्याच टिपा. कुठली टीप कुठल्या पुस्तकाची, ते जोडणारे आकडे त्यात उतरलेच नाहीत आणि ते कसे काढायचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिने आणि दोघा कारकुनांनी जुन्या पडद्यावरून एकेक टीप पुस्तकाच्या क्रमांकासकट वहीत उतरवायला घेतली. बोटं आखडली, डोळ्यांची आग झाली. तीस तारखेला दुपारी पडदा काळा पडला तेव्हा चौदाशे बारा झाल्या होत्या.

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“अकरा हजारांतल्या चौदाशे?”

“हो.”

“मग सही का केलीस?”

“मी नसती केली तर दुसऱ्या कुणाची घेतली असती, ताई.”

“घेतली असती,” ताई म्हणाल्या. “पण ती दुसऱ्या कुणाची असती.”

त्यावर त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई आपणहून तळमजल्यावर आल्या. छापलेल्या टिपांचा गठ्ठा पुढ्यात ओढून एकेक वाचू लागल्या. “ही त्या निळ्या कापडी बांधणीच्या प्रवासवर्णनाची. ही व्याकरणाची, दुसरी प्रत.” ती शेजारी बसून लिहून घेत होती. संध्याकाळपर्यंत ऐंशी लागल्या. कारकुनांनाही हुरूप आला.

त्यापुढच्या दिवशी चौदा लागल्या.

तिसऱ्या दिवशी ताई एकाच कागदाकडे बघत बसल्या. ‘या प्रतीत नकाशा नाही, दुसरीत आहे.’

“कसली असेल?” तिने हळूच विचारलं. “भूगोलाची?”

“इतिहासाचीही असू शकेल.” ताईंनी चष्मा काढला. “अगं, आता मी नुसतं ठोकून देतेय. भलत्याच पुस्तकाला भलतीच टीप लागायची. त्यापेक्षा नकोच.”

“आणखी थोडा वेळ बसून बघू या ना.”

“काय बघू? मला आठवत नाही. आठवायला लागू नये म्हणूनच तर लिहून ठेवत होते.”

त्या पिशवी घेऊन उठल्या. तिने त्यांना दारापर्यंत सोडलं, परत येऊन गठ्ठा सुतळीने बांधला आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. टेबलावर उद्याच्या कार्यक्रमाचा कागद येऊन पडला होता. सकाळी दहाला सर्व कर्मचाऱ्यांना नव्या प्रणालीचं प्रशिक्षण होतं, आणि ते तिनेच द्यायचं होतं.